रक्तात नापास

"सिस्टर, मी नापास झाले."

सोजरमावशी उपकेंद्राच्या दारात उभी होती. पदर दातात धरलेला, हातात लांबलचक कागद.

"कशात?"

"रगतात."

मी कागद घेतला. वर निळ्या अक्षरांत छापलं होतं, परीक्षार्थी: सोजर बाळू खरात. आसन क्रमांक सत्तेचाळीस. विषय: रक्तातील साखर. एकूण गुण शंभर, मिळालेले गुण चार. शेरा: नापास. आणि खाली बारीक टाइपात, 'अधिक मेहनतीची गरज आहे. पालकांनी लक्ष द्यावे.'

"मावशी, तुमचे पालक कुठं आहेत आता?"

"चेष्टा करू नगा. आई जाऊन तीस वरसं झाली. शाळंची चूल जातीया माझी, आन तुमाला हसू येतंय."

हसू मला येत नव्हतं. हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी आमच्या टाकळवाडीत क्रांती आली होती. हा शब्द माझा नव्हे, पुण्याच्या कंपनीनं आणून लावलेल्या फलकावरचा आहे. आमचं उपकेंद्र आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात, मधे एक भिंत. शाळेत मुलं चौतीस, माझ्याकडं दिवसाला पेशंट दहा-बारा. वर कुणाच्या तरी डोक्यात आलं, दोन्हीकडं माणसं कमीच, तर दोघांत मिळून एकच यंत्र द्यावं. भिंत फोडली आणि त्या भगदाडात लोखंडी कपाटाएवढं धूड बसवलं. एक तोंड शाळेकडं, एक तोंड माझ्याकडं. तिकडं ते मुलांची परीक्षा घेणार, इकडं पेशंटचं रक्त तपासणार. गावानं त्याचं नाव ठेवलं मास्तरडॉक्टर.

यंत्राबरोबर केयूर नावाचा एक पोरगेला साहेब आला. स्वभावानं वाईट नव्हता, पण त्याला सगळं सोपं वाटायचं. कंपनीनं मुळात यंत्र बनवलं होतं शाळांसाठी. आरोग्याचं काम नंतर घाईघाईत मिळालं, म्हणून त्यांनी तेच यंत्र जरा वरवरनं बदलून इकडं वापरलं. त्यामुळं पेशंटना गुण मिळायला लागले. साखर जितकी कमी तितके गुण जास्त, पस्तीसला पास. आणि कसं काय कोण जाणे, इकडचं थोडं तिकडंही गेलं. एके दिवशी जंगम गुरुजी, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, हातात कागदांची चळत घेऊन माझ्याकडं आले.

"सिस्टर, हे वाचा. 'इयत्ता चौथी. भागाकार: जुनाट. संसर्गाची शक्यता. आठ दिवस गणितापासून दूर ठेवावे.' हे काय आहे?"

"गुरुजी, तुमच्याकडं निदान तरी झालंय. माझ्याकडं सगळे नुसते नापास."

"अहो, पण मुलांनी वाचलं ना! काल एकाला झालं होतं, आज सगळ्या वर्गाला भागाकार झालाय."

केयूरला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, जुन्या पद्धतीनं विचार करताय तुम्ही. शिक्षण आणि आरोग्य यांच्यातली भिंतच आम्ही पाडलीय."

"ती दिसतीय," गुरुजी म्हणाले. "पावसाळ्यात तिथनं पाणी येणार आहे."

माझं काय झालं ते ऐका. बावीस वर्षं नोकरी, हजारो बोटं टोचली या हातानं, आणि आता मला पद दिलं 'आरोग्य प्रोत्साहक'. यंत्राजवळ उभं राहायचं, पास होईल त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या, नापास होईल त्याला 'पुढच्या वेळी नक्की' म्हणायचं. पेशंटला हात लावायचा नाही. माझं साखर मोजायचं छोटं मशीन कपाटात गेलं, त्याच्या पट्ट्या मागवायच्या बंद. मी मेली टाळ्या वाजवायला शिकले होते काय नर्सिंगला?

तर सोजरमावशी. एकोणीस वर्षं ती शाळेचा पोषण आहार शिजवत होती. नवऱ्यामागं तिला ती चूल आणि ती चौतीस पोरं, एवढंच होतं. गावातली निम्मी लग्न झालेली माणसं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. आणि त्या वर्षी फतवा निघाला की स्वयंपाक करणारी बाई यंत्राच्या परीक्षेत पास पाहिजे. दोन संधी, मधे एक महिना. दोनदा नापास झाली तर चूल बंद, तालुक्यावरनं पिशव्यांतलं जेवण येणार आणि मावशी घरी.

"सिस्टर, चौथीत मी दोनदा नापास झाले हुते," ती म्हणाली. "दोनदा झालं आन बानं शाळा सोडवून म्हशीमागं धाडलं. आता परत त्येच."

मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि निकालाची यादी काढली. बासष्ट जण बसले होते, अठ्ठावन्न नापास. मला ते काही पटेना. टाकळवाडी उसाच्या पट्ट्यातली असली तरी अख्ख्या गावाच्या रक्तात साखर कारखाना निघेल असं काही नव्हतं. पास झालेले चौघं कोण? एकटे राहणारे दोन म्हातारे, सुनांशी भांडून वेगळी निघालेली गऊबाई, आणि पिराजी. पिराजी सकाळपासून प्यायलेला असायचा, बायको माहेरी निघून गेलेली. तो अठ्ठ्याऐंशी गुण मिळवून गावात पहिला आला होता. त्याच्या गळ्यात हार घालून लोकांनी त्याला देवळापर्यंत नेला, तो रडत रडत गेला.

मी पिराजीला गाठलं. "खरं सांग, परीक्षेच्या दिवशी सकाळी काय खाल्लंस?"

"काय न्हाय सिस्टर, देवाशपथ. मला कोण देतंय खायाला? बाकीच्यांच्या घरनं दही-साखर दिली हातावर, मला कोण देणार?"

मी कपाळाला हात लावला.

अहो, परीक्षा म्हटल्यावर आपल्याकडं काय करतात? घरनं निघताना तळहातावर दही-साखर. आसन क्रमांक मिळालेला, रांगेत बसायचं, निकाल लागणार, मग घरोघरच्या बायकांनी रीतसर वाट्या काढल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तळहात चाटले, बोटं चाटली, आणि तीच चिकट बोटं यंत्राच्या भोकात घातली. बोटाला साखर असल्यावर यंत्र दुसरं काय सांगणार? ज्यांना घरी विचारणारं कुणी नव्हतं ते चौघं पास झाले.

"उपाशीपोटी या म्हणून सांगितलं होतं ना?" मी मावशीला विचारलं.

"उपाशीच आल्ते की. दही-साखर म्हंजे काय खाणं हाय व्हय? शकुन हाय त्यो."

"तुम्हाला कुणी दिली?"

"पोरांनी. रांग लावली हुती माझ्यापुढं. येकेक चमचा."

"किती पोरं?"

"सगळी. चौतीस."

मी केयूरकडं गेले. बाबा रे, बोट टोचायच्या आधी लोकांना हात धुवायला लाव. तो म्हणाला, हात धुण्याचा टप्पा आमच्या रचनेत नाही, ओल्या बोटानं यंत्र बिघडतं. पण मुद्दा त्याला पटला, म्हणून त्यानं मोठ्ठा फलक लावला: 'परीक्षेस येताना दही-साखर आणू नये.' पुढच्या आठवड्याच्या तुकडीला लोक गुळाचा खडा घेऊन आले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते. मावशीला मी दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी बोलावलं, तिचे हात साबणानं धुतले, स्पिरिटनं पुसले, दार लावून घेतलं आणि कपाटातलं माझं जुनं मशीन काढलं. एकच पट्टी शिल्लक होती. आकडा आला दोनशे अडुसष्ट.

"किती मिळालं?" मावशी वाकून बघायला लागली.

"मावशी, हे गुण नव्हेत. जितका आकडा मोठा तितकं वाईट. तुम्हाला खरंच साखर आहे."

तिनं बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "महिना हाय ना अजून? मग अभ्यास सांगा."

मी तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या सुरू केल्या. गुळाचा चहा बंद, भात निम्मा, रोज सकाळी बिरोबाच्या माळापर्यंत चालत जायचं आणि यायचं. चौथीच्या पोरांनी, त्यांना तसंही भागाकाराची सुट्टी होती, मावशीसाठी वेळापत्रक करून चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं. 'सहा ते सात चालणे. सात ते साडेसात चालण्याची उजळणी.' मावशी पदर खोचून जाताना दिसायची आणि मागं दोन-तीन पोरं ओरडत असायची, "मावशी, कालच्यापेक्षा हळू चाललीस!"

मी रोज तिच्यावर खेकसायचे. "गोळी घेतली का? चालून आलात का? खोटं बोलू नका." ती म्हणायची, "व्हय." मला विश्वास बसायचा नाही. बावीस वर्षांत इतक्या जणांनी मला 'व्हय' म्हटलेलं होतं आणि घरी जाऊन जिलेबी खाल्ली होती.

फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाची लापशी होती. मी खिडकीतनं सहज बघितलं, तर मावशी चुलीपुढं उभी. चमचा तोंडात, डोळे मिटलेले. परत एक चमचा भरला, परत तोंडात.

मला असा राग आला म्हणून सांगू! जाऊन चांगलं झापावं असं वाटलं. मग वाटलं, आता झापून काय उपयोग. माझ्याकडं पट्टी नाही, यंत्र उद्याच काय ते सांगणार. घरी गेले, पण जेवण गेलं नाही. बरं, जेवण मला तसंही लागत नव्हतं त्या दिवसांत. दोन वर्षांत बारीक होत चालले होते, बायका म्हणायच्या, सिस्टरनी तब्येत कशी राखलीय बघा. तहान मात्र सारखी लागायची. फिरतीचं काम, ऊन, लागणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी न्हाऊन, इरकल नेसून, आसन क्रमांकाचा बिल्ला छातीवर लावून आली. हात धुतलेले. पोरं मागच्या खिडकीला लोंबकळलेली, त्यांना आमच्या पाठी आणि यंत्राची स्क्रीन तेवढी दिसत होती. केयूर आणि गुरुजी बाहेर व्हरांड्यात. आत मी, मावशी आणि ते धूड. व्हरांड्याच्या दाराला पडदा ओढलेला.

यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "परीक्षार्थींनी कॅमेऱ्याकडे पाहून स्मित करावे. उजव्या हाताचे बोट खालील छिद्रात ठेवावे."

कॅमेरा वर, भोक खाली कमरेपाशी, पोस्टाच्या पेटीसारखं. यंत्राला चेहरा दिसतो, बोट कुणाचं ते दिसत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मावशीनं हनुवटी वर केली. कॅमेऱ्याकडं बघून ती चौथीतल्या पोरीसारखी हसली.

मी तिचा हात बाजूला सारला आणि माझं बोट आत घातलं.

"सिस्टर?"

"गप. कॅमेऱ्याकडं बघा. हसा."

कट्‌ करून सुई टोचली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोटाला सुई लागली, आणि मला चक्क दुखलं. इतरांना मी सांगायचे, मुंगी चावल्यासारखं होतं.

यंत्रानं जरा घुर्रघुर्र केलं. मग स्क्रीनवर आलं: 'सोजर बाळू खरात. मिळालेले गुण एकोणीस. नापास.'

मला आधी काही कळलंच नाही. मी दोनदा वाचलं. खिडकीतल्या पोरांनी 'आऽऽ' केलं.

मावशीनं स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. अगदी हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, तुमी हात धुतलं हुतं का?"

"धुतले होते."

"साबनानं?"

"साबणानं. आणि वर स्पिरिटनं."

यंत्रातली बाई म्हणत होती, अधिक मेहनतीची गरज आहे. पालकांनी लक्ष द्यावे.

मग मावशीचा बांध फुटला. "का घातलंसा बोट? कुणी सांगितलं हुतं? म्या अभ्यास केला हुता! म्हैनाभर बिरोबाच्या माळाला गेले, चपला झिजल्या माझ्या!"

"काल लापशी खाताना बघितलं मी तुम्हाला."

"खाताना? थुकताना न्हाय बघितलं? म्हैना झाला, चव घेती आन मोरीत थुकती. पोरांच्या लापशीत गूळ बराबर पडला का न्हाय, त्ये बघायला नगो?" ती खाली बसली. "जल्मात पयल्यांदा वाटलं हुतं, या बारीला पास हुणार. आन तुमाला वाटलं न्हाय."

मला तिथल्या तिथं धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या स्वतःच्या साखरेचं काय, ते अजून डोक्यात शिरलंही नव्हतं. या बाईनं महिनाभर अभ्यास केला आणि तिच्या हातातनं मी पेपर ओढून घेतला, एवढंच दिसत होतं. पडदा सरकवून मी व्हरांड्यात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ते रक्त माझं आहे. बोट मी घातलं होतं. मावशीला परत बसू द्या."

केयूरनं टॅबलेटवर बोटं फिरवली. घाम फुटला बिचाऱ्याला. "सिस्टर, चेहरा त्यांचा आहे, म्हणजे रक्तही त्यांचंच. दुसरी संधी संपल्याचं पत्र आपोआप गेलंसुद्धा तालुक्याला. आता मागं घ्यायला काही जागाच नाही यात."

"जागा नाही कशी?" जंगम गुरुजी पुढं झाले. तीस वर्षं परीक्षा घेतलेला माणूस. "केयूर, हे यंत्र मुळात शाळेचं ना?"

"हो सर."

"मग त्यात गैरप्रकार असेलच. शोध."

केयूरनं शोधलं. होतं. अगदी तळाला, लाल बटण: गैरप्रकार नोंदवा. गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी चष्मा पुसला, बाही सारली. "लिही. कॉपी प्रकरण. उमेदवाराच्या इच्छेविरुद्ध कॉपी पुरवण्यात आली. पेपर रद्द, फेरपरीक्षा द्यावी. कॉपी पुरवणाऱ्याचं नाव..." इथं ते थांबले आणि माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, हे तुमच्या नावावर राहील. पुसता येणार नाही."

"लिहा," मी म्हणाले.

"चुकीची कॉपी पुरवली, हेसुद्धा लिहू का?" गुरुजींनी विचारलं. तशा प्रसंगातही मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी रडायला लागले.

बटण दाबल्या दाबल्या निकाल आला. मावशीचा पेपर रद्द, पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा. आणि कॉपी पुरवणाऱ्या व्यक्तीस केंद्रापासून शंभर मीटरच्या आत येण्यास सहा महिने बंदी. म्हणजे मला माझ्याच उपकेंद्रात यायला बंदी. वरच्या साहेबांना फोन केला, ते म्हणाले, यंत्रात आहे म्हणजे आहे, पण लसीकरण थांबता कामा नये. गुरुजींनी नियमाप्रमाणं टेप धरून शंभर मीटर मोजले आणि फक्कीनं पांढरी रेघ मारली. रेघेपलीकडं एक करंज होता. मी खुर्ची, लसींचा डबा आणि रजिस्टर घेऊन त्या करंजाखाली बसले. दोन दिवसांत सगळे पेशंट तिथंच यायला लागले. तिकडं यंत्र एकटंच गोड आवाजात बोलावत राहायचं.

माझी साखर मात्र मी तशीच ठेवली. तालुक्याला जाऊन एकदा नीट तपासायला पाहिजे, हे कळत होतं. आज जाते, उद्या जाते. इतरांना मी याच गोष्टीसाठी शिव्या घालत आले होते.

पंधराव्या दिवशी दुपारी शाळेतनं आरडाओरड ऐकू आली. बघते तर मावशी रेघेकडं पळत येतेय, हातात लांब कागद, मागं चौतीस पोरं.

"चौसष्ट!" ती लांबूनच ओरडली. "सिस्टर, चौसष्ट! पयल्या वर्गात!"

मी उठले आणि टाळ्या वाजवल्या. नोकरीत एवढ्या वेळा वाजवल्या, मनापासून फक्त याच.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. प्रयोग यशस्वी झाला असं जाहीर करून कंपनी चार महिन्यांत गेली, यंत्र राहिलं, आणि मावशी त्यात ताटं ठेवायला लागली. पण त्या चौसष्टच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी साडेसातला मी एसटीच्या थांब्यावर उभी होते. मी आपण होऊन गेले नव्हते, तालुक्याला जाऊन रक्त तपासायचं, असं मावशीनं आदल्या दिवशी पोरांदेखत माझ्याकडनं कबूल करून घेतलं होतं. गाडी यायला थोडा वेळ होता. बिरोबाच्या माळावरनं मावशी येताना दिसली, चालण्याची उजळणी उरकून. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात तांब्या.

"हात फुडं करा."

"मावशी, अहो साखर..."

"साखर न्हाय. नुस्तं दही. शकुन हाय, नाय म्हनू नये."

मी तळहात पुढं केला. दही असं आंबट होतं की डोळ्यांत पाणी आलं. तिनं वाटी खाली ठेवली, कनवटीचा साबणाचा तुकडा काढला, तांब्यातलं पाणी ओतलं आणि जेवणाआधी पोरांचे धुते तसे माझे हात धुतले, एकेक बोट चोळून, नखांच्या आतून सुद्धा. मग पदरानं कोरडे केले. तेवढ्यात गाडीचा आवाज आला.

"जावा आता," ती म्हणाली. "आन सिस्टर, भ्यायचं न्हाय. फकस्त दुसऱ्या कुणाचं बोट घालू नगा."